उघाडीवरचे गोमानाना

माती चाखून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, जबडा दोनदा हलवायचा, बाजूला थुंकायचं आणि निकाल द्यायचा, "अजून दोन पावसाळं." त्या निकालावर अपील नसे. आमच्या कचेरीतल्या निकालांवर मुंबईपर्यंत अपिलं चालत, पण गोमानानांच्या जिभेवर कोणी शंका घेतल्याचं मी ऐकलं नाही. शंका घ्यायला त्यांच्याजवळ कोणी जातच नसे, हेही खरं.

मी तेव्हा खाडीपलीकडच्या तालुक्याच्या कचेरीत जमिनीच्या कामाचा कारकून होतो. मूळचा घाटावरचा, नुकतंच लग्न झालेला, आणि चिखलाचा मनस्वी तिटकारा असलेला. मिठाचा सत्याग्रह अजून दोन-तीन वर्षं पुढे होता. देवखार नावाच्या खाडीकाठच्या गावी जाऊन, खारं पाणी शिरलेल्या जमिनीची पाहणी करायची असं काम निघालं. कचेरीतल्या जुन्याजाणत्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि ते माझ्या गळ्यात बांधलं. होडीतून उतरलो तो थेट गुडघाभर चिखलात. पाय निघाला, वहाण आतच राहिली. ती काढायला जो हात चिखलात गेला, तो गोमानानांचा.

"भाऊसायेब, हिकडं येताना वहाना काखंत मारायच्या," वहाण माझ्या हातात देत ते म्हणाले. "खाडीला त्या लय आवडतात."

उंच, हाडकुळा माणूस. पन्नाशीचा असेल. गुडघ्यावर धोतर, डोक्याला फडकं, पायाच्या बोटांमध्ये वाळलेला चिखल. हा चिखल धुतलेला मी कधी पाहिला नाही. गावात त्यांचं घर होतं, पण ते राहत उघाडीवर. उघाडी म्हणजे बांधातली पाण्याची वाट. तिला लाकडी झडप असते. ओहोटीला ती उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती येण्याआधी बंद करायची, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. झडपेच्या शेजारी कुडाची एक खोपटी, तिच्यात एक मडकं, एक चटई आणि सुकटीची पुरचुंडी. एवढा संसार मांडून ते एकटे राहत होते.

आमच्या कारकुनी मनाला सगळं कागदावर लागतं. मी बांधावर नकाशा पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. नानांनी उकिडवं बसून तो बराच वेळ बघितला.

"ह्या कागदात खाडी कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. तिथे कोरी जागा होती. म्हटलं, "नाना, खाडी मोजत नाहीत. तिच्यावर सारा नसतो."

"तुमी न्हाय मोजत. ती मोजते," ते म्हणाले, आणि मला हाताला धरून उठवून बांधावरून चालवत नेलं.

देवखारचा माझा खरा अभ्यास त्या दिवशी झाला. खाडीलगतच्या चिखलाच्या जमिनीला बांध घालून आत भात पिकवायचं, अशा बांधाआडच्या जमिनीला तिकडे खार म्हणतात. देवखारला अशा दोन खारी होत्या. मोठी खार गावाला लागून, आणि तिच्या पोटाशीच गावाचं गोड्या पाण्याचं तळं. धाकटी खार तिच्या पलीकडे, खाडीच्या वळणावर. मध्ये एक आतला बांध. नाना काठीने दाखवत चालले होते. ही भाताची. ही गुरांची, हिच्यात नांगर घालायचा न्हाय. ही तळ्याची, हिच्यावर कोणी घर बांधायचं न्हाय. बांधाच्या बाहेर तिवराची झाडी होती, खाऱ्या चिखलात उभी राहणारी, मुळांनी माती धरून ठेवणारी. तिकडे काठी करून ते म्हणाले, "आनि ही खाडीची. तिचा वाटा तिला काढून द्यायचा. मंग ती आपल्या वाट्याला हात लावत न्हाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. सुरुवातीला हसू यायचं. पुढे धाकट्या खारीसमोर उभा राहिलो तेव्हा हसू गेलं. तिथे बांधाबाहेर तिवर नव्हताच. खारीतल्या लोकांनी तो तोडून चुनाभट्टीला जळणासाठी घातला होता. गोमानाना दोन वर्षं त्यांना सांगत होते, भांडत होते, आणि त्या तोडणाऱ्यांत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ कान्हा सगळ्यांच्या पुढे होता. तिवर गेला, लाट सरळ बांधावर यायला लागली आणि बांध पोखरला. धाकटी खार माझ्यासमोर पांढरी पडली होती. वर मिठाचा पापुद्रा, त्यात मेलेल्या भाताची खुंटं.

ती कशी गेली, ते मला तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. तिन्हींत जे सारखं होतं ते असं.

देवखारला बांध राखायची एक जुनी रीत आहे, तिला जोळ म्हणतात. एका चुलीमागे एक गडी. जोळाच्या मुख्याने बांधावरून हाळी दिली, की हातातलं काम टाकून यायचं. माती खणायच्या जागेपासून बांधाच्या फुटलेल्या ठिकाणापर्यंत, म्हणजे खांडीपर्यंत, माणसांची रांग लावायची आणि चिकणमातीचे गोळे हातोहात पुढे द्यायचे. प्रत्येक घराची रांगेतली जागा ठरलेली. जो येणार नाही त्याची जागा मोकळीच ठेवायची, म्हणजे शेजारच्याला प्रत्येक गोळ्यामागे दोन पावलं जास्त पडतात. दंड वगैरे काही नाही. ती दोन पावलं पुरेशी होतात. गोमानाना या जोळाचे मुख्य होते.

भाद्रपदातली अमावास्या होती. उधाणाची भरती भर दुपारी आली आणि वर पाऊस. धाकट्या खारीला खांड पडली. नानांनी हाळी दिली, सगळं गाव धावलं, रांग लागली. खांड निम्मी बांधून झाली. कान्हा खांडीत छातीइतक्या पाण्यात उभा राहून गोळे रचत होता. एवढ्यात मोठ्या खारीचा बांध तळ्यासमोर पाझरायला लागल्याचं नानांनी पाहिलं. माणसं एकाच ठिकाणापुरती होती. नानांनी दुसरी हाळी दिली आणि सगळी रांग धाकट्या खारीवरून उचलून तळ्यावर नेली. मोठी खार वाचली, तळं वाचलं. धाकटी खार गेली. नाना आणि कान्हा, दोघांची मिळून जी काही जमीन होती, ती सगळी धाकट्या खारीतच होती.

कान्हाला मी स्वतः भेटलो. तगडा, देखणा माणूस. आईबाप लहानपणी गेले, त्याला नानांनीच वाढवलं. नानांनी लग्न केलं नाही ते याच्यापायी, असं गावातल्या बायका सांगत. मी दोघांमध्ये काही जुळवता येतं का बघावं म्हणून गेलो होतो. तरुण होतो, माणसं जुळवता येतात असं वाटायचं.

"अर्धा तास, भाऊसायेब," कान्हा म्हणाला. "अर्धा तास माणसं ऱ्हायली असती तर खांड बांधली होती. सगळी गेली. मी मागं बघतो तर कोन न्हाय. त्यानं मना पान्यात एकट्याला सोडला."

मी हे तसंच्या तसं नानांना जाऊन विचारलं. वाटलं, ते नाही म्हणतील. म्हणजे मला परत जाऊन कान्हाला समजावता येईल.

"व्हय," नाना म्हणाले. "अर्ध्या तासात बांधली असती."

"मग?"

"तवर तळं गेलं असतं. गाव काय प्याला असता?"

"मग हे कान्हाला सांगा ना एकदा."

"त्याला ठाव हाय," ते म्हणाले. "ठाव हाय म्हनूनच बोलत न्हाय."

मी वही मिटली आणि होडीकडे निघालो.

ज्यांचं गेलं त्यांना नानांचं तोंड बघायचं नव्हतं. ज्यांचं वाचलं त्यांनी सुरुवातीला चार दिवस पाया पडून घेतलं, आणि मग त्यांनाही नानांकडे बघवेना. दुसऱ्याची शेतं बुडवून आपली वाचली, याची आठवण कोणाला रोज समोर हवी असते? नाना समोरून आले की माणसं उगाच बैलाच्या कासऱ्याशी चाळा करत. भावजय आधी भाकरी पाठवायची, ती बंद झाली. मग नानांनीच एके दिवशी चटई आणि मडकं उचललं आणि उघाडीवर जाऊन राहिले. जोळाचं मुख्यपण मात्र त्यांच्याकडेच राहिलं, कारण ते दुसऱ्या कोणाला नको होतं.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा धाकट्या खारीची खांड शेवटची बुजवायचं काम चाललं होतं. माणसं आली होती, जोळ कोणाला मोडता येत नाही. रांग लागली. मुख्याची जागा खांडीच्या तोंडाशी. आणि घरांच्या जुन्या क्रमाने त्यांच्या अलीकडे कान्हा. गोळे हातोहात येत होते. कान्हापर्यंत आला की तो गोळा नानांच्या पसरलेल्या हातांत न देता खाली, त्यांच्या पायाशी टाकी. नाना वाकत, उचलत, रचत, पुन्हा हात पसरत. पुन्हा खाली. ओहोटीच्या चार-पाच तासांत किती शेकडे गोळे झाले असतील. म्हातारा प्रत्येक वेळी हात पसरायचाच, याचा मला राग आला. मी बांधावर छत्री धरून उभा होतो. ती मिटून खाली गेलो असतो आणि मध्ये उभा राहिलो असतो, तर काय बिघडलं असतं? पण कारकून असा मध्ये उभा राहत नाही. मी पाहणीच्या वहीत "दुरुस्ती समाधानकारक" असं लिहिलं.

बांध झाला, पण जमीन पांढरीच. दोन पावसाळे असेच गेले आणि पेणकडचा एक मिठाचा व्यापारी गावात आला. गोरा, गोड बोलणारा शेठ. म्हणाला, "जमीन तर खारी थई गई. आता भात कशाचं पिकवता? मिठागर करू." धाकट्या खारीतल्या सात घरांनी त्याच्या कागदावर अंगठे उठवले. त्यांचं तरी काय चुकलं? दोन वर्षं पोटाला दुसऱ्याच्या शेतावर राबत होती माणसं. कान्हाचा अंगठा पहिला होता.

ही बातमी ऐकली तेव्हा नानांना पहिल्यांदा मी घाबरलेलं पाहिलं. मिठागर म्हणजे बांधाच्या आत खाडीचं पाणी रोज मुद्दाम घेणं. आतल्या बांधातून ते पाझरत मोठ्या खारीत उतरणार, तिथून तळ्यात. ज्या तळ्यासाठी धाकटी खार सोडली, तेच जाणार. आणि धाकटी खार पुन्हा भाताची होण्याची आशाही संपणार. "मीठ वाईट न्हाय," ते म्हणत होते, "मिठाची जागा येगळी. ती खाडीच्या पल्याड हाय. हितं भात पायजे. मी सोडली ना ती जमीन. मी परत आनून देनार. मना एक पावसाळा द्या."

एक पावसाळा. त्यांना आयुष्यात एवढंच हवं होतं. मिठागराला कचेरीची परवानगी लागे, म्हणून ते देणं माझ्या साहेबांच्या हातात होतं आणि साहेबांचा कल शेठच्या बाजूने होता. नापीक जमीन कामाला लागते आहे, मग अडवा कशाला, असं त्यांचं सरळ म्हणणं.

सुनावणीच्या दिवशी नाना खाडीला वळसा घालून पायी आले. टेबलावर त्यांनी पानात बांधलेली एक पुडी ठेवली. एका बाजूला शेठ, मागे सात घरची माणसं, कान्हा खांबाला टेकून.

"ही काय?" साहेबांनी विचारलं.

"धाकट्या खारीची माती हाय, सायेब. मी दोन वर्सं पावसाचं पानी तुंबवून धुतलीया तिला. चाखून बघा. मिठाची राह्यली न्हाय ती."

कचेरीत खसखस पिकली. साहेबांनी पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाऊसाहेब, पाहणी तुमची आहे. तुम्हीच बघा चाखून."

सगळ्यांदेखत मी चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले, जबडा दोनदा हलवला. खरं सांगतो, मला काही कळलं नाही. माती मातीसारखी लागली. दातांत करकर झाली. डोळे उघडले तर नाना माझ्याकडे बघत होते, आणि खांबाजवळून कान्हाही.

"गोडी येते आहे, साहेब," मी म्हणालो. "एक पावसाळा द्यावा."

नोकरीत मी तेवढं एकच खोटं बोललो, असं म्हणणार नाही. पण त्या एकाची मला लाज वाटत नाही. साहेबांनी कागद वर्षभर थांबवला. शेठ माझ्याकडे बघून हसला आणि पान लावायला बाहेर गेला. कान्हा निघून गेला.

त्या पावसाळ्यात नानांनी काय कष्ट केले, ते मी येता-जाता थोडंफार पाहिलं. पाऊस पडला की शेतात पाणी कोंडायचं, चार दिवस मुरू द्यायचं, ओहोटी साधून उघाडीतून सोडून द्यायचं, पुन्हा कोंडायचं. झडपेवर दिवसभर बसून राहायचे. मधल्या वेळात बांधाबाहेरच्या चिखलात तिवराच्या शेंगा टोचत फिरायचे, कंबरभर रुतत. कान्हाच्या शेताच्या बरोबर मध्ये, चटईएवढ्या जागेत, त्यांनी खाऱ्या जमिनीत येणाऱ्या तांबड्या भाताचं मोड आलेलं बी फेकलं होतं. विचारलं, "एवढंच का?" तर म्हणाले, "शेत त्याचं हाय. मी सगलं पेरीन कसा?"

सोबतीला कोणी नाही. मी गेलो की ते पहिल्यांदा खूप बोलत, मग एकदम गप्प होत. बोलायची सवय मोडलेल्या माणसाचं तसं होतं. एकदा मी निघालो तर म्हणाले, "बसा जरा. भरती याला वेळ हाय." भरतीचा आणि माझा काही संबंध नव्हता. मी बसलो. दोघांनी मिळून खाडीकडे बघितलं.

चटईएवढं ते भात उभं राहिलं, लोंबीला आलं. सगळ्या गावाने ते पाहिलं, लांबून. सात घरांपैकी चौघांनी शेठच्या कागदावरचे अंगठे परत घेतले, मग उरलेल्यांनी. शेठला दुसरीकडे जागा मिळाली. पुढच्या ज्येष्ठात धाकट्या खारीत पेरणी झाली. कान्हानेही आपलं शेत पेरलं. नाना त्या दिवशी उघाडीवरच बसून होते, शेतात उतरले नाहीत. मी म्हटलं, "जा की, बघा तरी जवळून." ते म्हणाले, "हितून दिसतंय."

कार्तिकात माझी अलिबागला बदली झाली. धरमतरला जायला होडी खाडीतूनच जाणार होती, म्हणून नावाड्याला सांगून देवखारला थांबलो आणि नानांचा निरोप घेतला. वहाणा काखेत मारूनच उतरलो. त्यांनी दोन सुके जिताडे माझ्या हातात दिले. मी मासे खात नाही हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "वास तर येईल." मी ते घेतले. कान्हाचं विचारावं की नाही, कळत नव्हतं. शेवटी विचारलंच. "बोलला का?"

"पीक बरं हाय त्याचं," नाना म्हणाले.

होडी सुटली. ओहोटी लागली होती, नावाडी संथ वल्हवत होता. सकाळचं ऊन धाकट्या खारीवर पडलं होतं आणि भाताची कापणी चालली होती. डोक्यावर भारे घेऊन माणसं बांधावरून खळ्याकडे जात होती. तो बांध इतका अरुंद, की भारेकरी समोरून आला तर दुसऱ्याने खाली उतरून वाट द्यावी लागे. नाना उघाडीकडे परत चालले होते आणि समोरून कान्हा येत होता, डोक्यावर भाताचा भला मोठा भारा. नाना थांबले. मग खाडीच्या बाजूला चिखलात उतरले आणि मान खाली घालून उभे राहिले.

मी नावाड्याला म्हटलं, "जरा थांब."

कान्हा त्यांच्यापाशी आला आणि थांबला. मग त्याने भारा डोक्यावरून खाली उतरवला, बांधावर ठेवला.

नावाडी वल्हं थांबवून बघत होता. तो म्हणाला, "येडा जाला काय ह्यो? भारा मधे उतरवला तर परत डोक्यावर चढवनार कोन?"

भरलेला भारा एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. त्याला दुसऱ्या माणसाचा हात लागतो. कान्हा जन्मभर शेतात राबलेला, त्याला हे कोणी सांगायला नको होतं. तो भाऱ्याशेजारी दोन्ही हात खाली सोडून उभा होता आणि कोणाकडेच बघत नव्हता.

नाना चिखलातून वर चढले. घाई केली नाही. वाकले, एका बाजूने धरलं, कान्हाने दुसऱ्या बाजूने, आणि भारा उचलून कान्हाच्या डोक्यावर बसवला. तो नीट बसेपर्यंत नानांनी दोन्ही हात वर धरून ठेवले होते. मग कान्हा चालू लागला. मागे वळून बघितलं नाही. काही बोलला असेल तर तेवढ्या लांब ऐकू आलं नाही.

नानांचे हात अजून तसेच वर होते. पुढच्या वळणावर मोठ्या खारीचा तिवर आड आला आणि मला पुढचं काही दिसलं नाही.